‘कोर्ट’मध्ये कोण किती दिसतं?

नमस्कार भाऊ,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) दलित शाहिराच्या खटल्याचा (आरोप: गाण्यातून एका गटार कामगाराला आत्महत्येला चिथावलं) सिनेमा म्हणून मी डोक्यावर घेतला, पण कॅमेरा दोन्ही वकिलांच्या घरात शिरतो, न्यायाधीशांबरोबर सहलीलाही जातो, आणि शाहीर नारायण कांबळेच्या वाट्याला शिकवणी, स्टेज नि आरोपीचा पिंजरा एवढंच. शिवाय, लिहिणारे-दाखवणारे बाहेरचेच, आणि यात आपला खान्देश कुठंय?

निरीक्षण बरोबर, निष्कर्ष पटत नाही. शाहिराचा वकील विनय वोरा सुपरमार्केटात वाइन-चीज घेतो. सरकारी वकील नूतनबाई पोराला घेऊन घरी येतात, स्वयंपाकाला लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी परप्रांतीयांवर तोंडसुख घेणारं नाटक घरच्यांबरोबर हसत बघतात. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईची केस न्यायाधीश ऐकतच नाहीत. झाडाझडती या मंडळींची चाललीय, कारण शाहिराचं भवितव्य यांच्या हातात आहे. त्याची खोली दाखवली असती तर आपण चुकचुकलो असतो नि घरी गेलो असतो.

माणसं मोजायचीच तर त्या गटार कामगाराच्या विधवेची साक्ष पुन्हा बघा. नवरा दारू का प्यायचा, तर वास सहन व्हावा म्हणून. खाली उतरण्याआधी खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. एक डोळा आधीच गेलेला. हे सगळं ती रेशनच्या रांगेत बोलावं तसं सांगते, रडत नाही, आणि शाहिराच्या गाण्यामुळे आत्महत्या झाली हा सरकारी पक्षाचा दावा तिथंच ढासळतो. पडद्यावर ती किती मिनिटं आहे? मोजकीच. ती भूमिका करणाऱ्या उषा बने स्वतः अशाच कामगाराच्या विधवा. शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते, गाणी संभाजी भगतांची.

लेखणी आणि कॅमेरा मात्र दलित समाजाबाहेरच्याच हातात, हे तुमचं खरंय. ‘फँड्री’त नागराज मंजुळेंचा कॅमेरा कैकाड्याच्या घरात असतो आणि तिथं पाहुणा वाटत नाही. फरक तिथं पडतो. म्हणून सिनेमासाठी पैसा कुणाला मिळतो, याचा हिशेब जरूर मागा. मीही मागतो.

खान्देशाचं म्हणाल तर मुंबईच्या कोर्टात अहिराणी बोलणारा एक शिपाई बसवणं काहीच अवघड नव्हतं. पण आपली बोली पडद्यावर आली की थेटरात काय होतं, ठाऊक आहे ना? पहिल्याच वाक्याला हशा. आणि तो शिपाई कुणाचा प्रतिनिधी? धडगावचा पावरा आदिवासी पावरी बोलतो, लेवा पाटलांची बोली निराळी, यावलकडचे तडवी भिल्ल निराळे. इतक्या बोली आसपास असताना शहाद्याहून तुम्ही हे विचारताय म्हणून जरा नवल वाटलं, बाकी काही नाही.

माझी तक्रार वेगळ्याच जागी आहे. साक्षीनंतर वोरा त्या बाईला गाडीतून सोडायला जातो, पैसे देऊ करतो, आणि ती काम मागते. तिथंच सिनेमा तिला सोडून देतो. घर दाखवायचंच होतं, तर शाहिराच्या आधी मी तिचं मागितलं असतं.