नट आवळून वॉबल जात नाही

'हँडल थरथरतंय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, ही पाच कामं घरीच करा' हा मेसेज पुण्यातल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण काल भाच्याने तो पाठवून विचारलं, "मामा, पाना मारू का?" हा मुलगा रोज धायरीहून हिंजवडीला जातो, बायपासच्या ट्रकांमधून. आता गप्प बसवत नाही.

हँडलच्या या थरथरीवर, म्हणजे वॉबलवर, पहिला सल्ला म्हणे, 'हँडलच्या मधला मोठा नट जमेल तेवढा आवळा, वॉबल कायमचा बंद.' जमेल तेवढा? दुचाकी जरा कलली की पुढचं चाक आपोआप त्या बाजूला वळतं आणि गाडी सावरते. त्यासाठी हँडल मोकळं फिरायला हवं. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते कप आणि पोलादी छर्ऱ्यांचं बेअरिंग) जाम केला की हँडल अडतं, आपण जोर लावतो, ते गरजेपेक्षा जास्त वळतं, मग उलट्या बाजूला तेच. सिग्नलजवळ हळू चालवताना गाडी नागमोडी जाते. छर्रे कपांत रुतून खळगे पाडतात ते वेगळंच. आणि वरून दिसणारा मोठा नट बहुतेक गाड्यांत वरचा टी, म्हणजे फोर्कचे (पुढचं चाक धरणारे) दोन पाय वर जोडणारा भाग, धरून ठेवायला असतो. कोनसेटचा ताण ठरवणारी खाचांची रिंग त्याच्या खाली असते, तिला खाचेत अडकणारा सी-पाना लागतो.

सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. यामाहाच्या काही मॉडेल्सना ही रिंग आधी 52 न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळायची, मग पूर्ण सैल करायची आणि शेवटी फक्त 18 ला बसवायची, असं दिलंय. पहिली आवळणी कप नीट बसावेत म्हणून, दुसरी चालवण्यासाठी. आकडे गाडीगणिक बदलतात, पण 'जमेल तेवढं' कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

कोनसेट खरोखर सैल असेल तर योग्य आवळल्यावर ब्रेक मारतानाची खटखट थांबते, एवढं मान्य. पण ते आधी तपासा ना! गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला. फोर्कचे पाय खाली धरून पुढे-मागे हलवा: खटका लागला तर कोनसेट सैल. हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकाला न्या: मधोमध, सरळ स्थितीत अडकल्यासारखं झालं तर कप गेलेत. मग कितीही आवळा, उपयोग शून्य. खड्डे आणि स्पीडब्रेकर खाल्लेल्या आपल्याकडच्या गाड्यांत हेच जास्त दिसतं.

'फक्त छर्रे बदला, कप तेच ठेवा.' खळगे पडलेल्या कपांत नवे छर्रे घालून काय मिळणार? नाना पेठेत पूर्ण सेट मिळतो, तोच घ्या.

'वरून स्प्रे मारा.' स्प्रे असलेलं ग्रीसही पातळ करतो. उघडून, पुसून, नवं ग्रीस भरणं हाच उपाय. वॉशिंग सेंटरवाल्याला तिथे प्रेशरचं पाणी मारू देऊ नका.

'टायरची हवा बघा' हे मात्र बरोबर आहे, आणि तेच पहिलं लिहायला हवं होतं. टायरची झीज आणि चाकाचं बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या.

शेवटचा सल्ला, 'वॉबल सुरू झाला की पुढचा ब्रेक कचकन दाबा.' अजिबात नको! आधीच थरथरणाऱ्या चाकावर सगळा भार येतो. गुडघ्यांनी टाकी धरा, हात ढिले ठेवा, थ्रॉटल हळूहळू सोडा. आणि कोनसेट दाखवल्याशिवाय ती गाडी पुन्हा बायपासवर नेऊ नका.