‘बर्फावरची चाल’ म्हणणाऱ्यांस

सह्यवेडा यांस,

हिमालयातल्या त्रिशूल शिखरावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. त्यात चार गोष्टी आहेत. त्रिशूल म्हणजे “नुसती बर्फावरची चाल, दम असला की झालं”. गोऱ्या साहेबाचं कौतुक आता पुरे. लिहायचं तर आठ हजारी शिखरांवर लिहा. आणि शेवटी, “काका, पुण्यात पंख्याखाली बसून लिहिण्यापेक्षा जरा अभ्यास वाढवा.”

आधी या शेवटच्या वाक्याचं बोलू. आपली माझी ओळख नाही. मी आपला काका नाही. मतभेद असतील तर ते मांडायला आपल्या भाषेत भरपूर चांगले शब्द आहेत. टोपणनावाआड बसून अनोळखी माणसाला अक्कल शिकवायची गरज नाही. मी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केला आहे. होमकुंडाच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूने त्रिशूलवर गेलेल्या मोहिमेत मी होतो. माथा मिळाला नाही, वरच्या कॅम्पवरून परत फिरलो. लेखात हे लिहिलं नाही, कारण लेख शिखराचा होता, माझा नव्हता. आज आपण भाग पाडलंत म्हणून सांगतो आहे.

आता बर्फावरच्या चालीकडे येतो.

हे आपण कुठेतरी वाचलं असणार, आणि ज्याने लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर १९०७ ची, म्हणजे त्रिशूलच्या पहिल्या चढाईची वाट असणार. ब्रिटिश गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफ ऋषिगंगेकडून आत शिरला आणि त्रिशूलच्या हिमनदीवरून ईशान्येकडून वर गेला. ती बाजू खरोखर फार खडी नाही. अवघडपणातच मोजायचं तर शेजारचं चांगाबांग शिखर त्रिशूलच्या कितीतरी पुढे आहे, हेही मान्य. पण साहेब, ती वाट आज आहे कुठे? ती ज्यातून जाते ते नंदादेवी अभयारण्य १९८३ पासून बंद आहे. आज त्रिशूलला जाणारा माणूस सुतोल गावातून नंदाकिनीच्या खोऱ्याने, शिलासमुद्र हिमनदी ओलांडून होमकुंडाला पोहोचतो आणि पश्चिमेकडून चढतो. शिखर एकच असलं तरी बाजू वेगळी, उतार वेगळा, धोकाही वेगळा. एका वाटेचा सोपेपणा दुसऱ्या वाटेला चिकटवून मोकळं व्हायचं, याला अभ्यास म्हणत नाहीत.

त्या बाजूला पहाटे बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड घेणारे धातूचे काटे, बांधताना वरचा हातमोजा काढावा लागतो. पट्टा गोठून कडक झालेला असतो, तो बकलात जाईपर्यंत बोटांची जाणीव गेलेली असते. उजाडल्यावर आम्ही एका उतारावर तिरपे निघालो तेव्हा पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि सगळा थर बोटभर खाली बसला. वरचा बर्फ खालच्याला धरून नाही, याची ती खूण. आमच्या लीडरने एक शब्द न बोलता हात वर केला आणि आम्ही मागे वळलो. दम सगळ्यांकडे होता. सिंहगड सकाळी चढून कामावर जाणारी पोरं होती ती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात नौदलाचे गिर्यारोहक गेले. त्यांच्यात दम कमी होता असं आपल्याला म्हणायचं आहे का? ते वाक्य लिहिताना एवढा तरी विचार करायला हवा होता.

आणि १९०७ ची ‘सोपी’ वाट तरी कशी चढली गेली ते ऐका. अल्पाइन क्लब या ब्रिटनमधल्या गिर्यारोहकांच्या संस्थेला पन्नास वर्षं होत होती, मंडळींना एव्हरेस्टला जायचं होतं. सरकारने परवानगी नाकारली म्हणून ती गढवालला आली. पहिल्या प्रयत्नात सहा हजार मीटरच्या वर वादळात दोन रात्री काढून खाली यावं लागलं. तेव्हा लाँगस्टाफने, तो डॉक्टर होता, असा हिशोब केला की उंचावर जितके दिवस बसू तितकी ताकद झिजते. म्हणून १२ जूनला सुमारे ५३०० मीटरच्या कॅम्पवरून निघून एका दिवसात ७१२० मीटरचा माथा गाठला आणि त्याच दिवशी खाली उतरले. अठराशे मीटरची चढाई, तीही अशा उंचीवर की जिथे माणूस कसा टिकतो याबद्दल तेव्हा फारच थोडं ठाऊक होतं! त्याआधी सात हजारांवरचं शिखर चढल्याचा गाजलेला दावा म्हणजे ग्रॅहम या ब्रिटिश गिर्यारोहकाचा, १८८३ चा, काब्रू शिखराचा, आणि त्यावर वाद आहे. त्रिशूलवर वाद नाही. थोडं सामान घेऊन झपाट्याने चढायची जी पद्धत पुढे मोठ्या शिखरांवर नावाजली गेली, ती या चढाईत स्पष्ट दिसते.

साहेबाच्या कौतुकाबद्दल फार लिहीत नाही. दोरावर लाँगस्टाफबरोबर आल्प्समधले वाटाडे ब्रोशरेल बंधू होते आणि करबीर बुढाथोकी हा गुरखाही होता. करबीर १८९४ मध्येच कॉन्वे या ब्रिटिश गिर्यारोहकाबरोबर आल्प्स पालथा घालून आला होता. १९५१ मध्ये डून स्कूलचे शिक्षक गुरदयाल सिंग याच माथ्यावर पोहोचले आणि तिथे त्यांनी शीर्षासन केलं. भारतीय गिर्यारोहणाची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. हे दोघं गोरे नव्हते, आणि दोघंही माझ्या लेखात आहेत. लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसले असते.

आठ हजारी शिखरांवर लिहा, ही सूचना. पुण्यातून तिथे गेलेले लोक आहेत, ते आपल्या अनुभवाचं लिहितात आणि उत्तम लिहितात. मला त्रिशूलवर लिहायचं होतं. कौसानीच्या कठड्यावरून ते तीन सुळे एकदा उजळताना पाहिल्यापासून लिहायचं होतं, आणि यापुढेही लिहीन.

आपण त्रिशूलवर गेला असाल तर कोणत्या बाजूने, कोणत्या महिन्यात, कुठवर, हे आपल्या नावानिशी लिहा. एक शब्दही न कापता इथे छापतो.