विटांची चिमणी मूळची नाही

लेखात इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका १५व्या शतकातल्या, लाकडी सांगाड्याच्या फार्महाऊसची मधली विटांची चिमणी मूळ बांधकामातली असल्याचं म्हटलंय. ते पटत नाही. अशा घरांत मधला दिवाणखाना थेट छपरापर्यंत उघडा असे आणि चूल जमिनीवर, मध्यभागी. विटांची चिमणी आणि वरचा मजला बहुधा १६व्या शतकात घातले गेले. माळ्यावर टॉर्च मारून बघा: चिमणीच्या दोन्ही बाजूंचे वासे काजळीनं काळे असतील, तर मधली जागा आधी उघडी होती. मजल्याच्या तुळया खांबांच्या मूळ सांध्यांशी जुळत नसतील, तर त्याही नंतरच्या. ती काजळी कृपा करून घासू नका, घराचा सगळ्यात भरवशाचा पुरावा तोच आहे.

तुलनेसाठी बेलीफ बघा, हे केंटमधलंच तसं जुनं घर. बाऊ बीच जलाशयासाठी ते सुटं करून ससेक्समधल्या सिंगलटनच्या संग्रहालयात पुन्हा उभारलं आणि नंतरची चिमणी वगळून उघडा दिवाणखाना परत दाखवला. तिथे फरक लगेच कळतो.

बाहेरच्या सिमेंट गिलाव्याबद्दल मात्र लेख फारच मवाळ आहे. भेगांतून शिरलेलं पाणी सिमेंटमागे अडकतं, खाली उतरतं आणि जोत्यावरची ओकची तुळई कुजवते. वरून भिंत ठणठणीत दिसते. सिमेंट हातानं, हळूहळू काढायचं. कुजलेला तेवढाच भाग कापून ओकचाच तुकडा जोडायचा. गिलावा चुन्याचा, एकास तीन वाळू, पातळ थरांत, आणि गोठणाऱ्या थंडीत अजिबात नाही. घर सूचीबद्ध (म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत) असेल तर आधी परवानगी; विनापरवाना बदल हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे.