बाळंतपण झालं म्हणजे बीपीचा धोका टळला?

एक मेसेज बराच फिरतोय: ‘बीपीचा त्रास गरोदरपणातला. वार पडली की बीपी आपोआप उतरतं. आधी बीपी नव्हतं त्यांनी तर घाबरूच नये. नंतरची डोकेदुखी जागरणाची असते. लघवीत प्रोटीन नसेल तर निर्धास्त राहा. बीपीच्या गोळ्या घेतल्या तर दूध पाजू नका.’ असा भरवसा बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

वार पडली की बीपी उतरतं, हे अर्धंच खरं आहे. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी चढून यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांना इजा करू शकणारा आजार. त्याचं मूळ वारेत असतं, त्यामुळे ती पडल्यावर आजार ओसरायला लागतो. पण रक्तवाहिन्यांना झालेली इजा लगेच भरून येत नाही. शिवाय गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर पुन्हा रक्तात येतं. म्हणून बीपी बहुधा तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वात जास्त चढतं, आणि तोवर अनेकजणी घरी गेलेल्या असतात. डिस्चार्जच्या कागदावरचं 120/80 हे त्या दिवसाचं बीपी असतं, पुढच्या आठवड्याची हमी नव्हे.

आधी बीपी नव्हतं, हाही दिलासा खोटा. नऊ महिने बीपी अगदी नॉर्मल असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर पहिल्यांदा प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो. बहुतेक वेळा तो पहिल्या आठ-दहा दिवसांत दिसतो, पण सहा आठवड्यांपर्यंत सावध राहावं लागतं.

आता डोकेदुखी. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण जागरणाने डोकं खरंच दुखतं. मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानेही दुखतं. ते दुखणं उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं. बीपीची डोकेदुखी बऱ्याचदा पॅरासिटामॉलला दाद देत नाही. पण दुखण्याच्या तऱ्हेवरून घरी निदान करत बसू नका, बीपी मोजा. डोळ्यांपुढे ठिणग्या चमकणं, धूसर दिसणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही लक्षणंही तितकीच महत्त्वाची. हे बरगडीखालचं दुखणं ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं जातं, पण ते यकृताचं असू शकतं. नुसती पावलांवरची सूज बाळंतिणीला असतेच. मात्र सूज नाही म्हणून बीपी नाही, असंही समजू नका.

मोजताना पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंडावरचा पट्टा छातीच्या पातळीला. बोलू नका, बाळाला पाजतानाही मोजू नका. 140/90 किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, आणि सोबत वरचं एखादं लक्षण असेल तर लगेच निघा. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तितकाच राहिला तर काही त्रास होत नसला तरी ती इमर्जन्सी आहे. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी तासाभराच्या आत औषध सुरू व्हायला हवं.

प्रीएक्लॅम्प्सियाच्या निदानासाठी लघवीत प्रोटीन हवंच, ही अट अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच सोडली. बीपी वाढलेलं असताना प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) 1.1 च्या वर गेलं किंवा यकृताची एन्झाइम्स नॉर्मलच्या दुपटीला पोचली, तर प्रोटीन नसतानाही निदान होतं. म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

राहिला दुधाचा मुद्दा. लॅबेटालॉल आणि निफेडिपिन ही नेहमीची औषधं दुधात फार थोडी उतरतात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला सर्रास दिली जातात. झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटसाठीही दूध तोडावं लागत नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, सुमारे दहा हजार स्त्रियांमध्ये, या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. दुधाच्या भीतीने गोळ्या बंद करणाऱ्या आईचं बीपी पुन्हा चढू शकतं.

आणि हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: ‘बाळंतपण होऊन सहा दिवस झालेत,’ जितके झाले असतील तितके. पोट दिसत नाही, बाळ घरी असतं. तुम्ही सांगितलं नाही तर समोरच्या डॉक्टरांना बाळंतीण साधी डोकेदुखीची पेशंट वाटू शकते.