शुद्धीवर आल्यानंतर

इंग्लंडमध्ये माझ्या पतीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, त्या संध्याकाळी भारतातून दादांचा फोन आला आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भूल उतरली ना?" उतरली, असे सांगताच ते म्हणाले, "चला, घोर मिटला." त्या क्षणी मलाही तसेच वाटले होते. पुढच्या चार दिवसांत वॉर्डात जे पाहिले आणि घरी परतल्यावर जे वाचले, त्यानंतर मात्र वाटू लागले की आपली सगळी भीती आणि आपले सगळे वाद ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच थांबतात, आणि हे बरोबर नाही.

१४ देशांतील २८ रुग्णालयांत, हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झालेल्या, पंचेचाळीस आणि त्यापुढील वयाच्या ४०,००४ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत त्यांपैकी ७१५ जण दगावले. थिएटरमध्ये दगावलेले होते फक्त पाच. पाचशे जण शस्त्रक्रियेनंतर त्याच रुग्णालयात दगावले आणि २१० जण घरी पाठवल्यानंतर. मोठी कारणे तीन होती: रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि हृदयाच्या स्नायूला झालेली इजा. ही इजा बहुतेकदा छातीत न दुखताच होते आणि रक्ततपासणी केली तरच कळते. आफ्रिकेतील २५ देशांच्या २०१८ मधील अभ्यासातही २३९ मृत्यूंपैकी २२५ शस्त्रक्रियेचा दिवस उलटल्यावर झालेले होते.

थिएटर सुरक्षित झाले, कारण तिथे माणसावरची नजर क्षणभरही हलत नाही. बोटावर ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो, नळीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख समोर असतो आणि उशाशी भूलतज्ज्ञ असतो. रुग्ण वॉर्डात आला की हे सगळे एकदम सुटते आणि चार-सहा तासांनी होणारी एक फेरी उरते.

ती फेरी कशी असावी, हे मी दुसऱ्या संध्याकाळी पाहिले. सिस्टर आली, तिने छातीवर उलटे टाचलेले घड्याळ हातात धरले आणि एक शब्दही न बोलता पूर्ण मिनिटभर यांच्या छातीकडे पाहत राहिली. आपला श्वास मोजला जात आहे हे कळले की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो, हे तिने मला नंतर सांगितले. श्वास चोवीस, नाडी एकशे बारा, ताप ३८.२ अंश सेल्सिअस. ऑक्सिजन आणि रक्तदाब ठीक होता आणि "मला बरे वाटते आहे," असे हे स्वतः म्हणत होते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून प्रचलित असलेल्या, नोंद जितकी बिघडलेली तितके जास्त गुण देणाऱ्या पद्धतीत या तीन नोंदींचे अनुक्रमे दोन, दोन आणि एक असे पाच गुण झाले, आणि पाच झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचेच असते. त्यात सिस्टरच्या अंदाजाचा किंवा भिडेचा प्रश्न उरत नाही. अर्ध्या तासात डॉक्टर आले, फुप्फुसात संसर्ग सुरू झाल्याचे निदान झाले आणि त्याच रात्री प्रतिजैविके चालू झाली.

आपल्याकडचा वाद मी इथून वाचत असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण उपचार करताना तसे घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ही मर्यादा दोन वर्षांची आहे. ही सवलत आहे की अन्याय, डॉक्टरला तुरुंगात टाकावे की पूर्ण संरक्षण द्यावे, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. या विषयातील सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा गाजलेला निकाल ज्या प्रकरणातून आला, ते मात्र वॉर्डातलेच होते. फिर्यादीनुसार, रात्री अकराच्या सुमारास रुग्णाला धाप लागली, मुलाने परिचारिकेला सांगितले, डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटे लागली, आणि लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. शेवटी शेजारच्या खोलीतून सिलिंडर आणायला मुलगाच धावला. डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई न्यायालयाने रद्द केली, आणि ती का रद्द केली हे मला पटते. पण सिलिंडर रिकामा का होता आणि त्या मुलाची हाक इतक्या उशिरा का पोहोचली, हे प्रश्न चर्चेत येतच नाहीत.

हाक न ऐकली जाण्याचे दुःख इथेही आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली तेरा वर्षांची एक मुलगी रुग्णालयात जंतुसंसर्गाने दगावली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते; तिला वेळेवर अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असे मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झाले. तिच्या नावाचा 'मार्थाज रूल' २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यानुसार कुटुंबीयांना दुसऱ्या, स्वतंत्र पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते.

इथे भेटीची वेळ संपली की मला घरी जावे लागे. आपल्याकडे रात्रभर खाटेशेजारी कोणीतरी जागे असते, आणि श्वास बदलला हे बहुधा त्यालाच आधी कळते. त्याला मात्र गर्दी समजून बाहेर काढले जाते. परिचारिकांची संख्या एका रात्रीत वाढणार नाही, हे मान्य. पण श्वास मोजायला घड्याळ पुरते, गुण मांडायला कागद पुरतो. अवघड आहे ते पाच गुण झाल्यावर डॉक्टरने उठून यायचे बंधन, आणि आपला वाद खरे तर त्यावर व्हायला हवा.

पुढच्या महिन्यात दादांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. रात्री दोन वाजता त्यांचा श्वास वाढला तर कोणाला उठवायचे आणि तो किती वेळात येईल, हे रुग्णालयात विचारायला मी पुतण्याला सांगितले होते. भूल कोणती देणार, हे रुग्णालयातल्या लोकांनी लगेच सांगितले. या प्रश्नाचे उत्तर विचारून कळवतो, असे म्हणाले आहेत.