वडापावच्या दुकानात कढई समोरच हवी

वडापावच्या साखळी दुकानांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, 'खरा वडापाव गाडीवरचाच.' मला हे अजिबात पटत नाही. २००० नंतर मुंबई-पुण्यात ज्यांनी कॉलेज केलं, पहिल्या नोकऱ्या धरल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या जिभेवर साखळीतल्या वडापावची चव आहे, आणि ती प्रेमाने आठवावी अशीच होती. पण ती कशामुळे होती हे एकदा नीट बोलायला हवं. कारण ज्या गोष्टीमुळे ती होती, ती बऱ्याच दुकानांतून निघून चालली आहे. ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तापलेली कढई.

थोडा मागचा धागा. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं बहुतेक जण मानतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार कुटुंबांनी पोटासाठी गाड्या टाकल्या. पुण्यात जोशी वडेवाले, रोहित वडेवाले घरोघरी माहीत झाले. मग २००१ मध्ये मालाड स्टेशनजवळ जम्बोकिंग ही साखळी सुरू झाली आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव. या सगळ्यांनी मिळून एक मोठं काम केलं: वडापावला पत्ता दिला. फलकावर भाव, डोक्याला टोपी, हातात मोजा, स्वच्छ कागद, आणि कुठल्याही शाखेत गेलात तरी त्याच वजनाचा वडा. संध्याकाळी गाडीभोवतीच्या घोळक्यात शिरायला संकोचणाऱ्या मुली, लहान पोरं सोबत असलेले आईबाप, पोटाला जपणारी म्हातारी माणसं यांना वडापाव सहज खाता येऊ लागला. हे काम मी कधीच कमी लेखणार नाही.

आता कढईबद्दल. वडा बिघडतो तो बहुतेक वेळा कढईच्या आधी किंवा कढईनंतर. आधीचं पाहू.

भाजीला बटाटा जुना, साठवणीतला, सुका लागतो. नवा बटाटा उकडल्यावर चिकट होतो आणि गोळा वळताना हाताला लागतो. उलट शीतगृहात फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, भाजी गुळमट लागते आणि कितीही मिरची घातली तरी तो गोडवा जात नाही. अशी पोती आली तर दोन आठवडे साध्या हवेत ठेवायची, गोडवा बराच उतरतो. बटाटे सालासकट उकडायचे, सोलून पसरून पूर्ण गार करायचे आणि हाताने मोडायचे. लगदा करायचा नाही, घासात हरभऱ्याएवढे खडे लागायला हवेत. सोललेला बटाटा एक किलो असेल तर आठ-दहा हिरव्या मिरच्या, पंधरा-अठरा लसूण पाकळ्या आणि दीड इंच आलं, तिन्ही खलबत्त्यात जाडसर कुटलेलं. तीन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्त्याची दहा-बारा पानं, अर्धा चमचा हळद. ठेचा फोडणीत मिनिटभरच परतायचा, जास्त परतला की लसणाचा झणका जातो. मीठ आणि मूठभर कोथिंबीर बटाट्यावर. एवढ्यात साठ ग्रॅमचे सतरा-अठरा गोळे होतात. कोथिंबीर धुऊन तशीच ओली घातली तर भाजीला पाणी सुटतं, आणि कढईत वडा फुटण्याचं एक कारण तेच.

फुटण्याची बाकीची कारणंही सांगून ठेवते. भाजी गरम असतानाच गोळे वळले तर आतली वाफ कवचाला धक्का देते. गोळ्याला भेग राहिली तर तेल तिथूनच आत शिरतं. पीठ पातळ असेल तर कवच इतकं झिरझिरीत होतं की वाफेला ते थोपवताच येत नाही. पाव किलो बेसनाला साधारण पावणेतीनशे ते तीनशे मिली पाणी लागतं, पण एकदम ओतायचं नाही. आधी निम्म्या पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग सैल करत जायचं. बोट बुडवून वर काढलं की त्यावर सलग थर राहिला पाहिजे आणि थेंब सावकाश सुटला पाहिजे. दोन चमचे तांदळाचं पीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दोन चिमटी सोडा, मीठ, हळद. सोड्याबद्दल बरेच जण फसतात. वडा फुगावा म्हणून अर्धा चमचा टाकला की कवच जाळीदार होतं आणि तेल पितं. ज्या दुकानातला कागद तेलाने पारदर्शक होतो, तिथे बहुतेक सोडा जास्त असतो, नाहीतर तेल पुरेसं तापलेलं नसतं.

तेल १७५ ते १८० अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघायचा: तळाशी जाऊन लगेच उसळून वर आला की तेल तयार. थेंब खालीच बसून राहिला तर थांबायचं, वर येताच काळा पडला तर आच कमी करायची. कढईत एका वेळी निम्मी जागा मोकळी राहील इतकेच वडे सोडायचे. गर्दीच्या वेळी गडबड नेमकी इथेच होते. रांग वाढली की तळणारा कढई भरून टाकतो, तेल एकदम वीस-तीस अंशांनी उतरतं आणि पुढचा घाणा तेलकट निघतो. वास्तविक आतली भाजी शिजलेलीच असते, शिजायचं असतं ते फक्त कवच. तीन-चार मिनिटं पुरतात.

कढईनंतरचं गणित मात्र साखळीवाल्यांनी काळजीपूर्वक वाचावं. बटाट्यात वजनाच्या जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. वडा झाऱ्यावर आला की आतली वाफ बाहेरच्या दिशेने निघते आणि कवचात मुरते. पहिली आठ-दहा मिनिटं कवच कुरकुरीत, भाजी वाफाळती, लसूण नाकाशी. त्यानंतर कवच मऊ पडायला लागतं. वडे एकमेकांवर रचले तर पाच मिनिटांतच. काचेच्या गरम कपाटात ठेवून फार काही वाचत नाही. कपाट बंद असेल तर वाफ कोंडून कवच लिबलिबीत होतं, कोरडी गरम हवा खेळती ठेवली तर ते चामट होतं. कपाटातला वडा गरम असतो, एवढंच.

म्हणून सुरुवातीच्या चांगल्या शाखांमध्ये जी पद्धत होती तीच योग्य होती: छोटे घाणे, समोर कढई, आणि वडा झाऱ्यावरून जाळीवर, जाळीवरून थेट पावात. स्टेशनजवळची जागा त्यासाठीच कामाची होती. गाड्यांच्या वेळेनुसार गिऱ्हाईक लोंढ्याने येतं, त्यामुळे लोकल फलाटाला लागायच्या दोन मिनिटं आधी घाणा सोडायचा हे तळणाऱ्याला अंगवळणी पडलेलं असायचं. मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर हा ताल जमत नाही. गिऱ्हाईक एकेक करून येतं, घाणा कधी सोडायचा ते कळत नाही, आणि मग कपाट आलंच.

गोठवलेल्या वड्याचं काय? शंभर-दीडशे ठिकाणी एकच चव द्यायची तर एका कारखान्यात वडे बनवून गोठवणं हा सरळ मार्ग आहे, आणि गोलीने तो उघडपणे घेतला. त्यात कमीपणा नाही. भाजीत मीठ-मिरची सगळीकडे सारखी राहते, कोणाचे हात किती वेळा लागले हा प्रश्न उरत नाही. पण बटाट्याला गोठणं मानवत नाही. सावकाश गोठवला तर आत पाण्याचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि पुन्हा तळल्यावर भाजी रवाळ आणि पाणचट लागते. म्हणून झपाट्याने गोठवून पुढे सतत उणे १८ अंशांवर ठेवायला हवं. ट्रकमध्ये किंवा शाखेच्या फ्रीजमध्ये एकदा जरी वडा सैल पडून पुन्हा गोठला, तरी तो गेला. असा वडा पिशवीत बर्फाचा चुरा दिसला की ओळखू येतो. शाखेत तो न वितळवता थेट १७० अंशांच्या आसपास तळायचा. घाईत तेल जास्त तापवलं तर बाहेर खरपूस रंग येतो आणि मध्यभागी जिभेला गारवा लागतो. हे सगळं पाळलं तर गोठवलेला वडाही चांगला होतो, पण त्यालाही तळल्यानंतर तीच आठ-दहा मिनिटं मिळतात. तिथे कारखाना मदतीला येत नाही.

पावाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालं. लादीतले पाव भट्टीत एकमेकांना चिकटून भाजले जातात, म्हणून वरची पातळ साल सोडली तर बाजूंना कडक कवच धरतच नाही. तोडल्यावर बाजू मऊ, तंतुमय आणि उघड्या असतात. चटणी तिथे मुरते, आणि दातांना कुरकुरीतपणा लागतो तो फक्त वड्याचा. साखळ्यांनी याच्या जागी गोल, गोडसर, तीळ लावलेला बन आणला तेव्हा वडा त्यात हरवला. बन उंच असतो, वडा मध्ये बसकतो, आणि साखरेमुळे लसणाच्या चटणीची धार बोथट होते. पाव त्याच दिवशीचा, साधारण चाळीस ग्रॅमचा, एका बाजूने तीन चतुर्थांश कापलेला हवा. भाजायचा नाही, बटर लावायचं नाही. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्याचा आदेश दिल्यावर पावाच्या चवीची बरीच चर्चा झाली. माझ्या मते भट्टी विजेची असो की गॅसची, पाव लादीतच भाजला गेला तर निम्मी लढाई जिंकली. धुराचा वास त्यानंतरची गोष्ट.

सुक्या चटणीचं तर मला फार वाईट वाटतं, कारण ती स्वस्तात आणि सहज चांगली होते. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर बदामी करायचं, वीसेक लसूण पाकळ्या थोड्या तेलात कोरड्या होईपर्यंत परतायच्या, दोन-तीन चमचे बेडगी तिखट, मीठ, आणि कढईत तरंगणारा पिठाचा चुरा अर्धी वाटी. चुरा हा या चटणीचा प्राण आहे. तो कढईतूनच येतो, त्यामुळे जिथे कढई नाही तिथे चुराही नाही, आणि पाकिटातून आलेली लाल भुकटी भुरभुरली जाते. चुरा वेळच्या वेळी झाऱ्याने काढला नाही तर जळून तेल काळं करतो, म्हणजे तो काढल्याने दोन्हीकडे फायदा. लसूण ओलसर राहिला की दुसऱ्या दिवशी चटणीच्या गुठळ्या होतात. खोबरं खवट असेल तर तिखट वाढवून ते लपत नाही.

तेलाचा नियमही कढईशीच बांधलेला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणाऱ्या खराब द्रव्यांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. दिवसाला पन्नास लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. साखळीकडे हे मोजायचं यंत्र असू शकतं, गाडीवाल्याकडे बहुधा नसतं, आणि इथे साखळी सरळ पुढे आहे. यंत्राशिवायही कळतं: तेलावर बारीक फेस धरून तो विझत नसेल, तेल दाट होऊन झाऱ्यावरून सावकाश ओघळत असेल, नेहमीच्या आचेवरच धूर येत असेल, तर ते टाकायच्या लायकीचं झालं. कढई समोर असली तर हे गिऱ्हाइकालाही दिसतं. दिसतं म्हणून तेल वेळेवर बदललंही जातं.

शेजवान, चीज, मेयो, कॉर्न-पालक या प्रकारांवर माझा राग नाही, पोरांना आवडतात. पण प्रत्येक नवा प्रकार काउंटरवर एक डबा, एक बाटली आणि अर्ध्या मिनिटाचा उशीर वाढवतो, आणि तो अर्धा मिनिट साध्या वड्याच्या आठ-दहा मिनिटांतून जातो. गर्दीच्या वेळी, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, फक्त साधा वडापाव विकून पाहावा. वडा कागदात घट्ट गुंडाळायचा नाही, वरची बाजू उघडी ठेवायची. सोबतची मिरची तळण्याआधी मध्ये चीर पाडायची, नाहीतर तेलात फुटून तळणाऱ्याच्या तोंडावर उडते. वीस-तीस सेकंदांत साल पांढुरकी पडली की काढायची आणि गरम असतानाच मीठ चोळायचं, गार मिरचीला मीठ धरत नाही.