पाहिजेत : हद्दपारीचे जज

वकिलीची सनद आहे, अमेरिकेचं नागरिकत्व आहे आणि अशिलांची रडगाणी ऐकून कान किटलेत? मग टाका अर्ज. 2025 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहिरातच काढली : 'डिपोर्टेशन जज' पाहिजेत, पगार वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर. पदाचं नाव नीट वाचा. पूर्वी 'इमिग्रेशन जज' म्हणत, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकायच्या असतात असा लोकांचा उगाच गैरसमज व्हायचा. आता निकाल पाटीवरच रंगवलाय, तुम्ही खाली सही ठोका.

अनुभव नाही? फारच छान. हंगामी जज निवृत्त जज तरी असावा, नाहीतर या कायद्यात दहा वर्षं मुरलेला असावा, असली कटकट होती; 2025 च्या ऑगस्टमध्ये तीही गेली. पाठोपाठ लष्करातले 600 पर्यंत वकील या खुर्च्यांवर बसवायचं ठरलं. कायदा अवघड जाईल म्हणता? अहो, इथल्याच एका ज्येष्ठ जजसाहेबांनी शपथेवरच्या जबानीत सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या पोरांनाही आपण हा कायदा शिकवलाय. इथे हद्दपारीची केस चाललेल्या पोरांनाही सरकार वकील देत नाही ना, म्हणून. पोराचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत, दुभाष्याचा हेडफोन कानावरून घसरतो, आणि पलीकडे सरकारी वकील फाईल उघडून तयार. त्या मानाने तुम्ही बरेच मोठे आहात.

काम भरपूर आहे. तीस लाखांवर प्रकरणं तुंबलीत. ती उपसायला जज कमी पडतात म्हणून आधी होते त्यातल्या डझनावारी जजना ईमेलवर नारळ दिला, मग भरती काढली. विहीर उपसायची तर आधी पोहरा फेकून द्यावा, तसं.

सुनावणीत कुणी पाठीवरचे वळ दाखवू लागला, तर देशात कधी आलास ते विचारा. आल्यापासून वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज केला नसेल तर वळ बघण्याची सहसा गरज पडत नाही. केला असेल तर मारणाऱ्या पोलिसांचा दाखला मागा.

साहेब कोण? अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख. नेमणूक त्यांची, आणि तुमचा निकाल पटला नाही तर मागवून घेऊन फिरवायचा अधिकारही त्यांचाच. हे कोर्ट न्यायसंस्थेत येतच नाही, खात्यात येतं. म्हणून दयाबुद्धी झालीच तर आधी दोन वर्षांचं प्रोबेशन आठवा. आणि हो, काळा झगा शिवायला टाकण्याआधी एकदा ईमेल बघून घ्या.